लाथ मारणाऱ्या मुलाचा प्रश्न

नीतिशास्त्र शिकवण्यात आम्ही उभी हयात घालवली. पण चांगलं वागणं मूल शिकतं कुठून, याचं पटणारं उत्तर आम्हाला मिळालं ते प्राथमिक शाळांच्या इतिहासात. तीच हकिकत आज सांगतो.

साल १९६८. अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात येल विद्यापीठाच्या बाल-अभ्यास केंद्राने दोन प्राथमिक शाळांत काम सुरू केलं. मुलं बहुतेक गरीब, कृष्णवर्णीय. चौथीपर्यंत ती भाषा-गणितात सुमारे दीड वर्ष मागे पडत. कामाचे प्रमुख मनोविकारतज्ज्ञ जेम्स कोमर, स्वतः पोलाद कारखान्यातल्या मजुराचे चिरंजीव.

कोमरांनी एक प्रसंग नोंदवला आहे. दूरच्या खेड्यातून आलेला आठ वर्षांचा मुलगा. मावशी त्याला शाळेत सोडून गेली. अनोळखी वर्ग, अनोळखी बाई. तो घाबरला, बाईंना लाथ मारली आणि पळाला. एरवी काय झालं असतं? शिक्षा, दुसरं काय! इथे मात्र शिक्षकांनी विचार केला, की त्या मुलाला हे सगळं कसं दिसलं असेल? त्यातून नव्या मुलांना सामावून घ्यायची रीत बसली. पुढे एकच शिक्षक सलग दोन वर्षं वर्गाला राहू लागला.

हे सुरळीत झालं असं नाही. पहिल्याच वर्षी पालक संतापले होते. मग मुख्याध्यापक, शिक्षक आणि पालक यांची समिती कारभार पाहू लागली. दोन नियम होते : दोष कोणाचा, हे उगाळायचं नाही, आणि निर्णय मतदानाने नव्हे, सहमतीने घ्यायचा. पुढे मुलांनी महापौरपदाच्या उमेदवारांना पत्रं लिहून शाळेत बोलावलं, यजमान म्हणून त्यांचं स्वागत केलं. भाषा आणि शिष्टाचार यांचे धडे एकाच कामातून मिळाले. १९७९पर्यंत ही मुलं आपल्या इयत्तेच्या बरोबरीला आली.

म्हणजे बघा, मोठी माणसं एकमेकांशी कशी वागतात, तोच मुलांचा पहिला धडा. सद्गुण सवयीने येतो, हे ॲरिस्टॉटलचं म्हणणं आम्ही फळ्यावर कितीदा लिहिलं असेल! आणि एकदा आमच्याच तासाला एक विद्यार्थी वही आपटून निघून गेला, तेव्हा आम्ही काय केलं? त्याची गैरहजेरी मांडली आणि पुढचा मुद्दा सांगू लागलो. त्याला काय झालं होतं, हे आम्ही कधीच विचारलं नाही.