हिशेबी धातू

अ‍ॅल्युमिनियमला आमच्याकडे फारसा मान कधी नव्हता. त्याची भांडी ‘जर्मनची’ म्हणून ओळखली जायची. चहाचं आधण नाहीतर आंघोळीचं पाणी, एवढीच त्यांची मजल. पाहुणे आले की पितळ पुढे आणि जर्मन मोरीत! त्याच धातूनं विलायतेत फटफटीच्या पोटात शिरून पराक्रम गाजवला, हे कळल्यावर मी जरा सावरूनच बसलो.

१९३७ साली इंग्लंडात कॉव्हेन्ट्रीच्या ट्रायम्फ कारखान्यात एडवर्ड टर्नरसाहेबांनी ‘स्पीड ट्विन’ ही ४९८ सीसीची, दोन सिलिंडरची मोटारसायकल काढली. तिचे कनेक्टिंग रॉड होते आर. आर. ५६ या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे. ही पाककृती मूळची रोल्स-रॉइसची! कनेक्टिंग रॉडचं जिणं म्हणजे आई आणि बायको यांच्यामध्ये सापडलेल्या माणसाचं. वरून पिस्टन ओढतो, खालून क्रँक ओढतो, आणि तेही मिनिटाला हजारो वेळा. अशा वेळी अंगानं हलकं असलेलं बरं. आणि अ‍ॅल्युमिनियमचं वजन पोलादाच्या जेमतेम एक तृतीयांश. पुढे अमेरिकेतल्या ड्रॅग रेसवाल्यांनीही हेच रॉड उचलून धरले.

मग खोट कुठे? स्वभावात. पोलाद उदार. एका मर्यादेच्या आत कितीही ताण द्या, ते विसरून जातं. अ‍ॅल्युमिनियम मात्र वाण्यासारखं प्रत्येक ताण खात्यावर मांडून ठेवतं आणि एक दिवस सगळी वसुली करतं. १९५४ साली दोन कॉमेट विमानं आकाशात फुटली ती धातूच्या अशाच थकव्यानं.

आमच्या एका स्नेह्यांकडे १९५० सालची ट्रायम्फ टायगर १०० आहे. इंजिन उघडलं तेव्हा ते हट्टालाच पेटले, “रॉड मूळचेच हवेत. अहो, पाऊणशे वर्षं टिकलेत!”

“म्हणजे पाऊणशे वर्षांची उधारी आहे, साहेब,” मिस्त्री म्हणाला. “रंग लावून भेग शोधता येते. भेग पडायच्या आधीचा थकवा कशानं शोधायचा? रॉड तुटला तर इंजिनाची भिंत फोडून बाहेर येईल, आणि वर तुम्ही बसलेले असाल.”

शेवटच्या वाक्यानं काम केलं. गाडीत नवे रॉड बसले. जुने आता दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात पहुडले आहेत. वरून कुणी ओढत नाही, खालून कुणी ओढत नाही, आणि आल्यागेल्याला मालक कौतुकानं दाखवतात. पेन्शनर माणसाला याहून अधिक काय हवं?