गोंदियावरून गेलेली एक गाडी आणि टिळकांचा देवाचा दरबार

आज हिशेबाच्या वह्या जरा बाजूला ठेवू आणि इतिहासातल्या एका नवरा-बायकोबद्दल बोलू. विषय असा आहे की देवाची कृपा फक्त आपल्याच समाजावर, आपल्याच धर्मावर असते का? दुसऱ्याच्या अंगणातही ती उतरते हे मान्य करायला किती मोठं मन लागतं? हा प्रश्न आम्हा गटाच्या बायकांना नेहमी पडतो, म्हणून ही गोष्ट निवडली.

नागपूरहून राजनांदगावला जाणारी रेल्वे भंडारा रोड, तुमसर, गोंदिया, आमगाव, सालेकसा अशी आपल्याच भागातून जाते. १८९३ च्या सुमारास या मार्गाने नारायण वामन टिळक नावाचे एक तरुण कवी प्रवास करत होते. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले, संस्कृत शिकलेले, नागपुरात काही काळ काम केलेले. आता राजनांदगाव संस्थानात नोकरी मिळाली होती. डब्यात एक युरोपियन प्रवासी भेटला. दोघांचं कवितेवर बोलणं झालं, धर्मावर झालं. उतरण्यापूर्वी त्या माणसाने टिळकांना बायबल दिलं आणि हे वाचाच म्हणून सांगितलं. टिळकांनी शब्द दिला आणि पाळला. सुरुवातीला त्यांना वाचन कंटाळवाणं वाटलं. पण येशूने डोंगरावर केलेला उपदेश वाचायला घेतला, तेव्हा पुस्तक खाली ठेववेना. देव आपला सूर्य चांगल्यावर आणि वाईटावर सारखाच उगवतो, पाऊस सगळ्यांवर सारखाच पाडतो, असं त्या उपदेशात सांगितलं आहे.

१० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घरात काय झालं असेल, याची कल्पना तुम्ही करू शकता. पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या, पदरात लहान मुलगा दत्तू होता. नवरा जिवंत असून दुरावला. जातीतून बाहेर गेला म्हणजे त्या काळी मेल्यासारखाच. नातेवाइकांनी बाईंना आपल्याकडे ठेवून घेतलं.

लक्ष्मीबाईंचं माहेर कसं होतं, हे त्यांनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. त्यांचे आजोबा १८५७ च्या बंडानंतर फाशी गेले. त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. मीठ, गूळसुद्धा धुवून घ्यायचा. या सोवळ्यापायी घरातल्या बायकांचे काय हाल झाले, ते बाईंनी हसत हसत सांगितलं आहे, पण वाचताना आपल्याला हसू येतं आणि पोटात कालवतंही. अशा घरातली मुलगी. ती काही वर्षांनी नवऱ्याकडे नगर भागात राहायला आली, तेव्हाही सुरुवातीला आपलं सोवळं आणि आपले देव सांभाळूनच राहिली. टिळकांनी जबरदस्ती केली नाही.

मग बाईंनी स्वतःच विचार केला. जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या तर माणसामाणसांच्या शरीरात फरक दिसला असता. तो तर कुठे दिसत नाही. म्हणजे हे माणसाचंच काम, असं त्यांच्या मनाने घेतलं आणि त्यांनी विटाळ मानणं सोडून दिलं. बाप्तिस्मा नंतरचा, आधी हे. शाळेत न गेलेल्या बाईने स्वतःच्या डोक्याने काढलेला हा निष्कर्ष आहे. तिला कोणी पढवलेलं नव्हतं.

आता टिळकांकडे येऊ. नवा धर्म स्वीकारलेला माणूस जुन्या धर्माला नावं ठेवतो, असं आपण पाहतो. टिळकांचंही सुरुवातीचं काही लिखाण कडक होतं. पण पुढे त्यांचं मन वेगळ्या वाटेने गेलं. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. देव आपल्याशी बोलला तो काही साहेबांनी बोटीतून आणलेल्या पुस्तकातूनच पहिल्यांदा बोलला नाही, तो आधी देहू-आळंदीत बोलला होता, हे त्यांनी मोकळेपणी मानलं. ज्यांना सोडून आलो त्यांच्याकडेही देवाचा प्रसाद होता, हे म्हणायला नम्रता लागते. त्या काळच्या मिशनमध्ये हे सगळ्यांना रुचणारं नव्हतं.

त्यांनी नुसतं बोलून दाखवलं नाही. चर्चमध्ये विलायती चालीवरची गाणी चालत, तिथे त्यांनी मराठी चालीतली भजनं आणली, अभंग लिहिले, कीर्तन केलं. मराठी ख्रिस्ती लोकांच्या 'उपासना संगीत' या पुस्तकात आजही त्यांची दोनशेहून जास्त गीतं आहेत. घरातही तसंच. बालकवी ठोमरे हे तरुण कवी नगरला टिळकांच्या घरी राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर मुलासारखी माया केली. बालकवी हिंदूच राहिले आणि त्या घरात त्यांचं काही अडलं नाही.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनचं काम आणि पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. ख्रिस्तावर प्रेम करणारे सगळे इथे यावेत, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेलेही, अशी कल्पना होती. वय पंचावन्नच्या पुढे, हातात पैसा नाही, घरात बायको-मुलं. हिंदू नातेवाईक आधीच दुरावलेले, आता चर्चमधले लोकही शंकेने पाहू लागले. दोन्हीकडून ऐकून घ्यावं लागलं. ९ मे १९१९ ला मुंबईत त्यांचं निधन झालं आणि दरबार पुढे फार वाढला नाही. 'ख्रिस्तायन' हे त्यांचं अर्धवट राहिलेलं काव्य पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. टिळकांनी सगळे धर्म एकच असं म्हणून आपली श्रद्धा पातळ केली नाही. ते शेवटपर्यंत पक्के ख्रिस्ती होते. पण पक्कं असणं आणि दुसऱ्याला रिकामं समजणं, या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या.

याला बायबलातच आधार आहे. येशू आपल्या गावी, नासरेथला गेला तेव्हा त्याने गावकऱ्यांना दोन जुन्या गोष्टींची आठवण दिली. दुष्काळात आपल्या देशात विधवा पुष्कळ होत्या, पण एलीया संदेष्ट्याला देवाने पाठवलं ते परमुलखातल्या सारफथ गावच्या विधवेकडे. कोडीही पुष्कळ होते, पण बरा झाला तो परका नामान. हे ऐकून गावकरी इतके चिडले की त्याला कड्यावरून ढकलायला निघाले. देव परक्यांना देतो, एवढंच तो म्हणाला होता! राग आला तो आपला हक्क गेल्यासारखा वाटला म्हणून.

आपल्या भागातलंही एक उदाहरण आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे मिशनरी नागपुरात राहिले. त्यांच्या नावाचं कॉलेज आजही आहे. त्यांनी गोंडांचं लिंगोचं लांबलचक गाणं एका प्रधानाकडून ऐकून लिहून घेतलं. १८६३ मध्ये नदी ओलांडताना ते बुडाले. कागद मागे राहिले आणि १८६६ मध्ये छापले गेले. ते आले होते आपला धर्म सांगायला, पण समोरच्याचं गाणं टाकाऊ मानलं नाही म्हणून ते कागदावर उरलं. त्याच लिंगोच्या नावाने आज माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यात कचारगडला हजारो लोक जमतात.

आणि आपलं नवेगाव बांध? हा तलाव कोलू पाटील कोहळीने बांधला असं आपण ऐकत आलो, त्यालाच लोक कोलासूर देव म्हणून पुजतात. पाणी मात्र कोहळ्याच्या बांधीलाही मिळतं आणि गोंडाच्या, महाराच्या, ढिवराच्याही. प्रतापगडला महादेवाची यात्राही भरते आणि दर्ग्यावर माणसंही जातात.

तरी मैत्रिणींनो, आपल्या गटांत काय चालतं? गट बहुतेक एकाच टोलीचा असतो. ग्रामसंघाची बैठक कोणाच्या घरी ठेवायची, हा प्रश्न निघाला की काही घरं आपोआप वगळली जातात. काही जणी बैठकीला येतात, पण चहा नको म्हणतात, उपास आहे सांगतात. दुसऱ्या टोलीच्या गटाने कर्ज वेळेवर फेडलं, त्यांचं मोहाचं किंवा लाखेचं काम चांगलं चाललं, तर "त्यांना साहेबांची मदत आहे" असं बोललं जातं. त्या बायांच्या मेहनतीला, त्यांच्यावरच्या देवाच्या कृपेला आपण नाव देत नाही. नुकसान कोणाचं? त्यांना जे जमलं ते आपण शिकत नाही, म्हणजे आपलंच.

म्हणून एक सुचवतो. येत्या महिन्याच्या बैठकीत पैसे मोजून झाले की प्रत्येकीने एक गोष्ट सांगायची: आपल्या समाजाबाहेरच्या बाईकडून मी काय शिकले? बियाणं राखणं असो, बाळंतिणीची सेवा असो की बँकेत न घाबरता बोलणं. तिचं नाव घेऊन सांगायचं आणि वहीत लिहायचं. पुढची बैठक तिच्या घरी ठेवा, आणि चहा तिथेच घ्या.