एका नव्या पैशाची शिल्लक

1957 साली माझे वडील नऊ वर्षांचे होते. त्या वर्षी 1 एप्रिलला देशात दशमान नाणी आली. तोवर रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै असत; म्हणजे रुपयाच्या 192 पै. आता रुपयाचे सरळ 100 ‘नवे पैसे’ झाले.

हिशेब सोपा झाला, असं आपण वाचतो. पण जुनी नाणी लगेच बाद झाली नव्हती. काही वर्षं दोन्ही चालत होती, आणि त्यांचा मेळ बसत नव्हता. चार आण्यांचे 25 नवे पैसे, इथवर ठीक. एका आण्याचे मात्र सव्वासहा! पाव पैशाचं नाणं नव्हतं, म्हणून सरकारी कोष्टकात एक आणा म्हणजे 6, दोन आणे 12, तीन आणे 19 आणि चार आणे 25 असं ठरलं. मोठी माणसं यावरून दुकानदाराशी हुज्जत घालत. आमच्या घरच्या मुलांना मात्र त्यात एक फट सापडली.

चार भावंडं. आजी दर रविवारी प्रत्येकाला एक आणा द्यायची. चौघं वेगवेगळी दुकानात गेली तर सहा-सहा मिळून 24 नव्या पैशांचा माल मिळे. चार आणे एकत्र दिले तर 25 चा. म्हणजे एक गोळी जास्त! ती कोणी खायची? आजीनं निवाडा करायला साफ नकार दिला. “तुमचे पैसे, तुमचं तुम्ही बघा.” शेवटी ठरलं की गोळी आळीपाळीनं घ्यायची. तिसऱ्या रविवारी पाळी वडिलांची होती, पण गोळी धाकट्या काकानं खाल्ली. काका जाऊन सहा वर्षं झाली, वडील अजून म्हणतात, “एक पैसा येणं आहे त्याच्याकडून.”

लहानपणी मला बचत शिकवली गेली. मातीचा गल्ला होता, पोस्टाचं पासबुक होतं. खर्च कसा करायचा, हे मात्र कुणी शिकवलं नाही. आजीनं ते एक आणा देऊन आणि मग गप्प बसून शिकवलं होतं.

2011 च्या जूनअखेर पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली. आता माझी सात वर्षांची मुलगी मला फोनवरून पैसे देताना बघते. त्यात काही कमी होताना तिला दिसत नाही. “फोन दाखव ना,” एवढंच ती म्हणते.

म्हणून गेल्या महिन्यापासून दर रविवारी मी तिच्या हातावर दहाची पाच नाणी ठेवतो. पहिल्याच दिवशी तिनं सगळी स्टिकरांवर उडवली. बुधवारी तिला खोडरबर हवा होता, हरवलेल्या पेन्सिलच्या टोकाला लावायचा, सशाच्या आकाराचा. मी खिशात हात घातला. वडील समोरच बसले होते. ते काही बोलले नाहीत. मी हात तसाच बाहेर काढला.

रविवार यायला चार दिवस होते.