ग्रुप फोटोसाठी लाईट कोणता घ्यावा? नाटक कंपनीपासून शाळेच्या गॅदरिंगपर्यंत

दिवाळी होते, धान कापणी उरकत येते आणि वडसा, म्हणजे कागदोपत्री देसाईगंज, इथं नाटक कंपन्यांची धावपळ सुरू होते. झाडीपट्टी रंगभूमी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या धानाच्या पट्ट्यात हिवाळाभर गावोगावी रात्री नाटकं होतात आणि गाव अख्खं जागतं. २०२३ साली इथले कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यावर बाहेरच्यांनाही हे नाव कळलं. प्रत्येक नाटकाचं पोस्टर असतं, पोस्टरवर सगळ्या कलाकारांचे चेहरे असतात आणि ते चेहरे बघूनच गावकरी ठरवतात की या वर्षी कोणाला बोलवायचं.

चार वर्षांपूर्वी एका कंपनीचा असा ग्रुप फोटो काढायचं काम माझ्याकडे आलं. मी पेशानं सॉफ्टवेअरवाला, फोटोग्राफी हौस म्हणून. चौदा कलाकार, सगळे मेकअप आणि पोशाखात एकत्र मिळणार ते पडदा उघडण्याआधी फक्त वीस मिनिटं. मी एका दुकानातून ६० वॅटचा एलईडी लाईट भाड्यानं नेला होता. डोळ्यांना तो इतका झगझगीत वाटला की मी निवांत होतो. घरी येऊन लॅपटॉपवर फोटो उघडले तर मागची रांग काळी, पुढच्या रांगेतले तिघं हललेले आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर हिरवट झाक. मॅनेजर फोनवर एवढंच म्हणाले, "भाऊ, मागचे लोकं तं दिसूनच नाही रायले." त्या वर्षीच्या पोस्टरवर जुने मोबाईलचे चेहरे कापून चिकटवले गेले. पैसे मी घेतले नाहीत, पण त्यांचा सीझन काही परत येणार नव्हता.

तेव्हापासून मला गावातून, कॉलेजातून, कबड्डीच्या टीमकडून एकच प्रश्न येतो: लाईट कोणता घेऊ? म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

एलईडी की फ्लॅश?

माझी चूक समजून घ्यायला एक साधा गुणाकार पुरतो. ६० वॅटचा एलईडी म्हणजे सेकंदाला ६० ज्यूल ऊर्जा. तुमचं शटर १/१२५ सेकंद उघडं राहिलं तर कॅमेऱ्याच्या वाट्याला येते ६० भागिले १२५, म्हणजे जेमतेम ०.४८ ज्यूल. कॅमेऱ्यावर बसणारा साधा फ्लॅश, ज्याला आपण स्पीडलाईट म्हणतो, तो फुल पॉवरवर साठेक ज्यूल एका क्षणात ओततो. शटर कितीही कमी वेळ उघडू द्या, सिंक स्पीडच्या आत असेल तर ते सगळे ज्यूल तुमचेच. हिशोबानं फरक सव्वाशे पट. एलईडी विजेचा प्रकाश करण्यात फ्लॅशच्या झेनॉन नळीपेक्षा हुशार असतो, म्हणून खरा फरक याहून कमी भरतो, पण तरी पाच स्टॉपच्या आसपास धरा. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. जे काम फ्लॅश आयएसओ ४०० वर करतो, त्यासाठी त्या एलईडीला आयएसओ १२८०० लागेल. नाहीतर शटर हळू करा आणि माणसं हललेली बघा. मी नेमकं तेच केलं होतं.

एलईडी वाईट आहे असं नाही. व्हिडिओ करायचा असेल तर तोच हवा. एकट्या माणसाचा पोर्ट्रेट, लाईट मीटरभर अंतरावर, माणूस शांत बसलेला, अशा वेळी ६० वॅट छान चालतो. घेताना सीआरआय ९५ किंवा त्याहून जास्त असलेला घ्या. हा आकडा रंग किती खरे दिसतील ते सांगतो. तो कमी असला की सावळ्या त्वचेवर हिरवट किंवा राखाडी झाक येते, आणि आपल्याकडे बहुतेकांची त्वचा सावळीच. पण दहा-वीस माणसांचा ग्रुप असेल तर माझं मत सरळ आहे: फ्लॅश घ्या.

किती ताकदीचा?

खोक्यावर मोठ्या अक्षरात "गाईड नंबर ६०" लिहिलेलं असतं. तो आकडा बहुतेक वेळा फ्लॅशचं डोकं २०० एमएमला झूम करून मोजलेला असतो. तुम्ही ग्रुपसाठी ३५ एमएमला वापरणार, तिथं तोच फ्लॅश सुमारे ३६ चा उरतो. त्यापुढे छत्री लावली की साधारण दोन स्टॉप गेले, म्हणजे उरला १८. आता गाईड नंबर भागिले अंतर म्हणजे आयएसओ १०० ला मिळणारं अ‍ॅपर्चर. छत्री माणसांपासून चार मीटरवर असेल तर १८ भागिले ४, एफ/४.५. आयएसओ ४०० केला की एफ/९.

म्हणजे बघा, रात्री किंवा हॉलमध्ये एक साधा स्पीडलाईटसुद्धा फुल पॉवरवर चौदा जणांना पुरतो! मी तरी दोन घ्यायला सांगेन, दोन्ही अर्ध्या पॉवरवर. प्रकाश तेवढाच, पण फ्लॅश दुसऱ्यांदा तयार व्हायला निम्मा वेळ. ग्रुपमध्ये कोणी ना कोणी डोळे मिटतोच, त्यामुळे दहा फ्रेम लागतात आणि दर फ्रेममागे तीन सेकंद थांबलात की लोकांचं हसू संपतं.

अनेकजण ग्रुपसाठी एफ/८ किंवा एफ/११ हवंच असं सांगतात. गरज नसते. साध्या क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ३५ एमएमला, पाच मीटरवर फोकस करून एफ/५.६ ठेवलं तर साधारण साडेतीन मीटरपासून नऊ मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. तीन रांगांना ते भरपूर झालं. उगाच एफ/११ केलं की दोन स्टॉप प्रकाश पाण्यात.

दिवसाचं गणित मात्र वेगळं. कडक उन्हात आयएसओ १०० आणि शटर १/२०० ठेवलं तर एक्सपोजर एफ/११ च्या आसपास बसतं. फ्लॅशनं उन्हाशी बरोबरी करायची तर त्यालाही एफ/११ द्यावं लागेल. छत्रीतला स्पीडलाईट तिथं एफ/४.५ देतो, म्हणजे विषयच संपला. २०० ज्यूलचा बॅटरीवाला फ्लॅश, उदाहरणार्थ गोडॉक्सचा एडी२००, उघड्या बल्बवर रिफ्लेक्टर लावून ६० च्या आसपास गाईड नंबर देतो. चार मीटरवर छत्रीतून एफ/७.५, छत्री काढली तर एफ/१५. म्हणजे छत्रीशिवाय, थेट, उन्हातल्या काळ्या सावल्या भरायला तो चालतो. हायस्पीड सिंकनं सगळं सुटेल असं कोणी सांगितलं तर सावध व्हा. त्या मोडमध्ये शटर वेगवान करता येतं, पण फ्लॅशची ताकद मोठ्या प्रमाणात कमी होते. त्यानं मागचं आभाळ पुसट करता येईल, ताकद वाढत नाही.

याहून सोपा उपाय गावात फुकट असतो: आंब्याचं किंवा चिंचेचं झाड. दाट सावलीत उजेड उन्हापेक्षा तीनेक स्टॉप कमी असतो आणि तिथं हाच फ्लॅश छत्रीसकट राजा होतो. फक्त पानांतून येणारे उन्हाचे कवडसे कुणाच्या चेहऱ्यावर पडत नाहीत ना ते बघा. शाळेच्या व्हरांड्याची सावली त्याहून बरी.

मागची रांग काळी का येते

हा मुद्दा लाईटच्या किमतीपेक्षा महत्त्वाचा आहे, आणि बहुतेक फोटो इथंच मार खातात. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. एक रांग खाली बसलेली, दुसरी खुर्च्यांवर, तिसरी उभी, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चेहऱ्यांत दीड मीटरचं अंतर आलं. लाईट पुढच्या रांगेपासून दोन मीटरवर ठेवला तर मागच्यांना साडेतीन मीटर पडतं: ३.५ भागिले २, त्याचा वर्ग, साधारण ३. मागच्यांना एक तृतीयांश प्रकाश! तोच लाईट चार मीटरवर नेला तर फरक दुपटीच्या आतच राहतो. शिवाय स्टँड अडीच-तीन मीटर उंच करून छत्रीचं तोंड मागच्या रांगेकडे वळवलं की उरलेला फरकही बराच मिटतो.

पण दोनवरून चार मीटरवर गेलात की एकूण प्रकाश चौथाई होतो. म्हणून ताकद लागते. ताकदीचे पैसे आपण झगमगाटासाठी देत नाही, लाईट लांब नेता यावा म्हणून देतो.

दोन लाईट असतील तर कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना ठेवा, फार बाजूला नको. डावीकडचा लाईट उजव्या टोकाच्या माणसाकडे आणि उजवीकडचा डाव्या टोकाकडे रोखा. लाईट फार बाजूला गेले की एकाची सावली शेजाऱ्याच्या गालावर पडते, आणि नाटकवाल्यांच्या फेट्यांच्या, मुकुटांच्या सावल्या तर विचारू नका. चष्म्यात छत्री दिसत असेल तर स्टँड आणखी वर करा आणि चष्मेवाल्यांना हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगा.

छत्री की सॉफ्टबॉक्स? गावच्या कामाला छत्री. स्वस्त, पटकन उघडते, मोडली तरी जीव जळत नाही. पण वाऱ्यात ती स्टँडसकट उडते. स्टँडच्या पायाशी वजन हवंच. मी पाच किलो तांदळाची पिशवी बांधतो, आमच्याकडे वाळूपेक्षा तांदूळ लवकर मिळतो. फ्लॅश मांडवाच्या छतावर मारून बाऊन्स करायचा मोह टाळा. लाल-पिवळ्या कापडावरून आलेला उजेड सगळ्यांना कावीळ झाल्यासारखं दाखवतो आणि ते नंतर सॉफ्टवेअरमध्येही नीट सुटत नाही. हे सॉफ्टवेअरवालाच सांगतोय.

वीज, बॅटरी आणि आमचा उन्हाळा

प्लगवर चालणारे स्टुडिओ फ्लॅश त्याच ताकदीच्या बॅटरीवाल्यापेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतात. चंद्रपुरात दुकान असेल, पासपोर्ट फोटो आणि फॅमिली फोटो काढत असाल तर तेच घ्या, वर पैसे वाचवा. पण कार्यक्रमाच्या जागी वीज जनरेटरची असते. हे फ्लॅश चार्ज होताना एकदम करंट ओढतात, व्होल्टेज पडतं आणि त्याच लाईनवर माईकवाला असला तर तो तुम्हाला शोधत येतो. बाहेरच्या कामाला बॅटरीवालाच हवा.

स्पीडलाईटला पेन्सिल सेल टाकणार असाल तर साधे अल्कलाईन नको, रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड घ्या. जड लोडवर ते टिकतात. लिथियम बॅटरीवाल्या फ्लॅशचा रिचार्ज आणखी जलद असतो, पण एक गोष्ट आमच्या जिल्ह्यासाठी खास. लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असं बहुतेक उत्पादक सांगतात, आणि मे महिन्यात चंद्रपूरचं सावलीतलं तापमानच त्याच्या पुढे जातं. बंद गाडीत बॅटरी ठेवू नका, चार्जिंग रात्री कूलरच्या खोलीत करा. पावसाळ्यात उलटं दुखणं: ओल. डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा.

ट्रिगर रेडिओचा घ्या, २.४ गिगाहर्ट्झचा. दुसऱ्या फ्लॅशचा उजेड बघून पेटणारा ऑप्टिकल स्लेव्ह लग्नात किंवा गॅदरिंगमध्ये निरुपयोगी आहे. दुसरा कोणीही फ्लॅश मारला की तुमचा पेटतो आणि तुम्ही बटण दाबता तेव्हा तो रिकामा असतो. शक्यतो फ्लॅश आणि ट्रिगर एकाच कंपनीचे ठेवा. कॅमेरा बदलला तर फक्त ट्रिगर बदलावा लागतो.

नाटक किंवा नाच सुरू असताना मात्र फ्लॅश बंद. कलाकाराच्या डोळ्यांवर येतो आणि प्रेक्षक वैतागतात. तेव्हा स्टेजच्याच लाईटवर काम करा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. फोटोत आडवे पट्टे आले तर शटर १/१०० किंवा १/५० करा.

मग घेऊ काय?

सुरुवात असेल तर दोन मॅन्युअल स्पीडलाईट, एक रेडिओ ट्रिगर, दोन स्टँड, दोन पांढऱ्या छत्र्या. पंधरा-वीस हजारांत बसतं. वर्षाला दहा-बारा कामं मिळायला लागली, त्यात दिवसाची जास्त असली की २०० ज्यूलचा एक बॅटरीवाला जोडा. ६०० ज्यूलचा हवाच असेल तर नागपूरहून एका दिवसासाठी भाड्यानं आणा. दीडशे किलोमीटरवरून आणायचा, म्हणून आदल्या दिवशी आणा आणि घरीच पन्नास फ्लॅश मारून बघा. ही पन्नास फ्लॅशची तपासणी मी चार वर्षांपूर्वी केली असती तर हिरवी झाक घरीच दिसली असती.

ऑटो म्हणजे टीटीएल ग्रुपला वापरू नका. जरीचे पोशाख दिसले की ते गोंधळतं आणि दर फ्रेमचं एक्सपोजर वेगळं येतं. मॅन्युअलवर एकदा सेट करा, मागच्या रांगेतल्या सगळ्यात सावळ्या चेहऱ्यावर झूम करून स्क्रीनवर बघा, मग हात लावू नका.

गेल्या सीझनला त्याच कंपनीनं पुन्हा बोलावलं. या वेळी मी तासभर आधी गेलो, मांडवामागे दोन छत्र्या चार मीटरवर लावल्या, कलाकारांच्या जागी स्वयंपाकाच्या पोरांना उभं करून सेटिंग पक्कं केलं: आयएसओ ४००, १/१६०, एफ/५.६, दोन्ही फ्लॅश एक चतुर्थांशच्या जरा वर. कलाकार आले, सहा मिनिटांत अकरा फ्रेम झाल्या. खलनायकाचं काम करणाऱ्या काकांनी त्यातल्या दहांमध्ये डोळे मिटलेत. अकरावी पोस्टरवर गेली.