सेट : एक इंग्रजी क्रियापद आणि सांगोल्याची ‘सेटिंग’

सेट : इंग्रजीतील अनेकार्थी क्रियापद. मूळ अर्थ बसवणे. ‘सिट’ म्हणजे बसणे, त्याचे हे जुने प्रयोजक रूप. ‘उपनिषद’ या शब्दातला संस्कृत ‘सद्’ धातू याच कुळातला. सूर्य मावळणे, हाड बसवणे, किंमत ठरवणे, जेली घट्ट होणे, झाडाला फळ धरणे, या सगळ्यांना इंग्रजीत ‘सेट’ चालतो. ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाच्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद याच क्रियापदाची होती. कपबशांचा ‘सेट’ मात्र लॅटिन ‘सेक्टा’वरून फ्रेंचमार्गे आलेले नाम असून पुढे त्याच्या अर्थावर या क्रियापदाची छाप पडली. प्राध्यापकीची ‘सेट’ परीक्षा तर नुसती आद्याक्षरे.

मराठीत हा शब्द करणे-होणे यांच्या टेकूशिवाय उभा राहत नाही, आणि टेकू कोणता यावर अर्थ ठरतो. सोलापूर जिल्ह्यातील सांगोला तालुक्यात, डाळिंबाच्या बागांत, तो ‘सेटिंग’ या स्त्रीलिंगी नामाच्या रूपात रुळला आहे. बुडाशी निमुळते नर फूल गळते. बुडाशी फुगीर द्विलिंगी फूल टिकते, पाकळ्या झडतात, बूड फुगू लागते. ही ‘सेटिंग’. ‘फळधारणा’ असताना परका शब्द कशाला, हा आक्षेप रास्त वाटतो. पण या बागांत ‘धरणे’ आधीच दुसऱ्या कामाला जुंपलेले आहे. आंबे, मृग किंवा हस्त बहार शेतकरी ‘धरतो’ : पाणी तोडतो, ताण देतो, पानगळ करतो, मग पाणी सोडतो. तो माणसाचा निर्णय. फुलाचे फळ होणे त्याच्या हातात नसते, आणि त्या टप्प्याला बोलीत वेगळे नाव हवे होते. ‘फळधारणा’ शिफारशींच्या पुस्तिकेत शोभते, बांधावर जड जाते. शिवाय तीही ‘धरणे’च्याच घरची.

शेतीऔषधांच्या दुकानदारांनी आणि कंपन्यांच्या फवारणीच्या वेळापत्रकांनी शब्द पसरवला, एवढेच खरे कारण, असेही म्हणता येईल. पसरवला असेलही. पण तेवढ्याने भागत असते तर बहार, ताण, पानगळ, कळी, छाटणी हेही इंग्रजीत गेले असते. ते गेले नाहीत. सेटिंगनंतर फळ लिंबाएवढे, मग पेरूएवढे होते, तिथेही मोजमाप घरचेच. म्हणजे उसनवारी जागा पाहून झाली आहे. जिथे जुना शब्द शेतकरी आणि झाड या दोन कर्त्यांत वाटला गेला होता, तिथेच. इंग्रजीत झाडही फळ ‘सेट’ करते. इथे कर्ता गळाला : ‘सेटिंग झाली’ म्हटले की कोणी केली हे विचारायचे नसते. मिलीभगत या अर्थाची दुसरी ‘सेटिंग’ याच तालुक्यात चालते आणि घोटाळा होत नाही, कारण ती होत नाही, लावली जाते.