अझोलाचे विरजण

नायट्रोजनचे चक्र शिकवताना आपण फळ्यावर शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवरील गाठी काढतो आणि पुढे जातो. भाताच्या खाचरात मात्र हेच काम नखाएवढे, पाण्यावर तरंगणारे एक नेचे करत आले आहे. त्याचे नाव अझोला.

अझोलाच्या पानांतील पोकळीत नील-हरित शेवाळ राहते, हे वनस्पतिशास्त्रज्ञ स्ट्रासबुर्गर यांनी 1873 साली वर्णिले. हवेतील नायट्रोजन बांधतो तो हा पाहुणा; नेचे त्याला घर देते. उत्तर व्हिएतनामच्या शेतकऱ्यांना शेवाळ ठाऊक नव्हते. पण अझोला चिखलात गाडला की भात जोमाने येतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

अडचण उन्हाळ्याची. हवा मानवली तर अझोला तीन ते पाच दिवसांत दुप्पट होतो. कडक उष्म्यात आणि किडीने मात्र मरतो. नेच्याला बी नसते. त्यामुळे पोत्यात भरून ठेवायची सोय नाही. दह्याच्या विरजणासारखा तो जिवंतच राखावा लागतो. थाय बिन्ह प्रांतातील ला व्हान आणि आसपासच्या मोजक्या गावांना ही युक्ती साधली होती. बा हेङ् नावाच्या शेतकरी बाईने अझोला प्रथम माणसाळवला, अशी तिकडची दंतकथा. ही गावे रीत गुप्त ठेवीत आणि विरजण विकत! न्गुयेन काँग त्यु यांनी 1930 साली या शेतीवर लेख लिहिला. पण मक्तेदारी मोडली ती 1950 नंतरच्या दशकात, सरकारने प्रसार हाती घेतल्यावर.

तोवर दुसरा मार्ग रुळला होता. हाबर यांनी 1909 साली प्रयोगशाळेत अमोनिया बनवून दाखवला, 1913 साली ओपाऊचा कारखाना सुरू झाला. अझोला पिकवणाऱ्या चीननेही 1972 नंतर अमोनिया-यूरियाचे 13 प्रचंड कारखाने परदेशांतून मागवले.

हिशेब करून पाहू. दहा टन ओल्या अझोलातून सुमारे 20 किलो नायट्रोजन मिळतो. 50 किलो यूरियात 23 किलो असतो. शिवाय अझोलाला स्फुरद हवे, खाचरात कायम पाणी हवे, गाडायला माणसे हवीत. शेतकरी यूरियाकडे वळला, त्याला आळशी म्हणणे अन्यायाचे होईल.

आज आपल्याकडे अझोला दिसतो तो बहुधा गोठ्यामागच्या प्लॅस्टिकच्या हौदात, गुरांच्या खाद्यासाठी. तो तांबूस पडला असेल, तर स्फुरद कमी पडले आहे का, ते आधी पाहावे.