मेरेवरचा दगड

ठाणे सोडून निघालेली धिमी लोकल खाडी ओलांडते, कळव्याला क्षणभर थांबते आणि पारसिकच्या डोंगराला वळसा घालून मुंब्र्याकडे जाते. १८५४ साली हा लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. पुढे १९१६ साली डोंगराच्या पोटातून बोगदाही निघाला. तेव्हापासून या मुलखातून माणसे जातात पुष्कळ, परंतु त्यात उतरून पाहणारे थोडे. आम्हीही त्यांतलेच होतो. कळव्याच्या परिसरात सेवेस आलो त्यास बरीच वर्षे झाली; पण खाडीपलीकडच्या गावांची नावे आम्हांला ठाऊक झाली ती सायकलीवर बसू लागल्यावरच.

त्याचे निमित्त धर्मग्रामातील युवकांचे. रविवारची पहिली मिस्सा आटोपली की चार-पाच मुले सायकली घेऊन उभी राहत, आणि आम्ही झगा उतरवून त्यांच्यात सामील होत असू. खारीगाव, माणकोली, राजनोली अशी महामार्गाची धूळ खात गेल्यावर सोनाळ्याच्या पुढे लोणाडची वाट लागते. तिथे वाहनांचा कोलाहल मागे राहतो. भाताची कापलेली शेते, बांधावरचे पळस, टेकडीवरचा विरळ साग, करवंदीच्या जाळ्या! जानेवारीत गवत वाळलेले असते, म्हणून एरवी झाकलेले दगडही दिसू लागतात.

असाच एक दगड वाटेवरच्या एका शिवारात आम्हांला दिसला. कमरेइतका उंच, एका बाजूस कललेला. वरच्या अंगास चंद्र, सूर्य आणि कलश. मधली अक्षरे झिजून गेलेली. तळाशी गाढव आणि स्त्री यांचे असे शिल्प, की ज्याचे वर्णन मुलांपुढे करण्यास संकोच वाटावा. अशा दगडाला गधेगाळ म्हणतात. राजाने जमीन वा गाव दान दिले की तिच्या मेरेवर हा दगड उभा करीत. चंद्रसूर्य आहेत तोवर दान चालावे, आणि जो ते मोडील त्याच्या मातेला ही शिवी लागावी, असा त्याचा अर्थ. अक्षरशत्रूलाही ती कळावी म्हणून ती चित्रातच कोरलेली.

दगडाची ती अवस्था पाहून आम्हांला कळवळा आला. टेम्पो आणून हा चर्चच्या आवारात सुरक्षित ठेवावा, असे आम्ही मुलांना म्हणालो. शेताचे मालक, एक वृद्ध आगरी गृहस्थ, जवळच उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "यो धोंडा हलवाचा नाय, फादर. आमचे आजोबांनी बी हलवला नाय."

आम्ही ओशाळलो. सेमिनरीत ज्याचे अध्ययन केले होते ते त्या क्षणी आठवले. अनुवादाच्या सत्ताविसाव्या अध्यायात लेव्यांच्या तोंडून जे शाप उच्चारले जातात, त्यांत शेजाऱ्याच्या शेताची खूण सरकवणाराही आहे, आणि सर्व लोक त्यावर 'आमेन' म्हणतात. तोच शाप कोकणातल्या पाथरवटाने आपल्या रीतीने दगडात कोरला होता; तो पाळणारा शेतकरी आमच्यासमोर उभा होता, आणि मोडू पाहणारे आम्ही!

या दगडांचे मोल केवळ भावनेचे नव्हे. लोणाडजवळच्या चौधरपाड्याचा शिलालेख पाहा. शके ११६१, माघ वद्य चतुर्दशी, म्हणजे इ. स. १२४० च्या आरंभीची शिवरात्र. त्या दिवशी शिलाहार राजा केशिदेव याने सोमन नावाच्या कवीला ब्रह्मपुरी हे गाव दिले, असे त्यावर नमूद आहे. १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना अरिकेसरी राजाचा शके ९३९ चा, म्हणजे इ. स. १०१७ चा ताम्रपट सापडला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांचे असे लेख एकत्र आणून त्यांचा अर्थ लावला. या राजवंशाची बखर कोणी लिहून ठेवलेली नाही. त्याचा इतिहास उभा आहे तो मुख्यत्वे अशा लेखांवर. एक दगड खडीत गेला की त्या इतिहासातील एक पान कायमचे फाटते.

लोणाडच्या टेकडीत बौद्ध भिक्खूंनी कोरलेले लेणे आहे. आज तिथे खांडेश्वरी देवीची पूजा होते. एकाने प्रार्थनेसाठी खोदलेल्या दालनात दुसरा प्रार्थना करतो, हे पाहून मुलांनी विचारले, "फादर, आपले असे काही इथे आहे का?"

प्रश्न सरळ होता. त्याचे उत्तर मात्र दोन भागांत द्यावे लागते.

पहिला भाग अभिमानाचा. अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मास याने सहाव्या शतकात लिहून ठेवले आहे की, कल्लियाना येथे इराणातून नेमलेला बिशप असतो. हे कल्लियाना म्हणजे आपले कल्याण, असे अनेक विद्वान मानतात. पुढे १३२१ च्या एप्रिलमध्ये तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिबिलिसीचे देमेत्रियस या चार फ्रान्सिस्कन बंधूंनी ठाण्यात रक्तसाक्ष दिली. त्यांचे सोबती, डॉमिनिकन संघाचे फादर जॉर्डन, त्या वेळी भडोचच्या दिशेने गेले होते. त्यांनी ते देह सोपाऱ्यास पुरले. नंतर आलेल्या ओदोरिकने ठाण्यात नेस्तोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे असल्याचे नोंदवले आहे. वसईचा तह १५३४ चा. म्हणजे पोर्तुगीज सत्ता येथे रुजण्याच्या दोनशे वर्षे आधी या खाडीकाठी ख्रिस्ताचे नाव घेतले जात होते. पण ती पंधरा घरे कुठे होती, हे आज आम्हांला मुलांना दाखवता येत नाही. त्यांच्या मेरेचा दगड उरला नाही.

दुसरा भाग प्रांजळपणाचा. साष्टीत, बोरिवलीजवळ, मंडपेश्वराचे शैव लेणे आहे. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी त्याचे प्रार्थनामंदिर केले. भिंतीवर कोरलेला क्रूस आजही दिसतो. मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे व १७३९ मध्ये वसई घेतल्यानंतर ते पुन्हा शिवाचे झाले, आणि लेण्यावरच्या टेकडीवर चर्चचे भग्नावशेष उरले. दुसऱ्याची खूण सरकवण्याचे पाप आपल्या पूर्वसूरींकडूनही घडले, हे मुलांना आम्ही सांगितले नाही, तर ते कुणाकडून तरी अधिक कडवटपणे ऐकतील.

आता त्या शिवारातल्या दगडाविषयी. तीन वर्षांनी आम्ही पुन्हा गेलो. ते वृद्ध गृहस्थ देवाघरी गेले होते, शेत विकले गेले होते, आणि जिथे दगड उभा होता तिथे गोदामासाठी मुरुमाचा भराव पडला होता. दगड भरावाखाली गेला की कुणी नेला, हे कुणालाच सांगता आले नाही. तेव्हा हलवला असता तर वाचला असता का? हा प्रश्न आम्हांला अद्याप छळतो. परंतु आमची खरी चूक निराळी होती. आम्ही त्याचे मोजमाप घेतले नाही, साधे छायाचित्रही काढले नाही, ग्रामपंचायतीला किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाला चार ओळींचे पत्र लिहिले नाही. हळहळलो, आणि डबा खाऊन घरी आलो.

त्यानंतर आमच्या युवकांनी एक वही केली आहे. दगड दिसला की गावाचे व शेताचे नाव, दिनांक, उंची-रुंदी, तोंड कोणत्या दिशेला, गावकरी त्याविषयी काय सांगतात, हे तीत लिहायचे. मालकाची परवानगी आधी घ्यायची. अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू, चुना वा तेल लावायचे नाही. आणि वहीतील नोंद महिन्याच्या आत संबंधित कार्यालयाकडे पाठवायची. या कामाला पांडित्य लागत नाही, सवड लागते.

महाशिवरात्र आणि राखेचा बुधवार पुष्कळदा मागेपुढेच येतात. येत्या उपवासकाळातील एका रविवारी पालकांनी मुलांसह आमच्याबरोबर लोणाडला यावे, अशी विनंती आहे. पाण्याची बाटली, भाकरी आणि मोजपट्टी पुरे. सायकलींत हवा मात्र आदल्या रात्रीच भरून ठेवावी. पहाटे दुकाने उघडी नसतात.